भारा उचलणाऱ्या बायांसाठी वजनाचा तक्ता

गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या चोरखमाऱ्यात धानाचा भारा डोक्यावर घेणारी बाई दुबळी कशी म्हणायची? पण रोवणीत दिवसभर कंबरेत वाकून राहिलं की स्नायू बळकट होण्याऐवजी थकतात. शरीराला ताकद वाढवायला तीन गोष्टी लागतात : हळूहळू वाढणारं वजन, मधली विश्रांती आणि पोटभर प्रथिनं. शेतकाम यातलं काहीच मोजून देत नाही.

व्यायामाच्या चांगल्या मार्गदर्शक पुस्तकाचं मोल इथेच आहे. मराठीला ही परंपरा नवी नाही, बडोद्याहून द. चिं. मजुमदारांनी १९३६ ते १९४९ दरम्यान दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. आजच्या पुस्तकात बघायचा तो तक्ता. एका दमात आठ ते बारा वेळा उचलता येईल इतकं वजन, असे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोनदा. बारा सहज जमू लागले की वजन थोडं वाढवायचं. जे पुस्तक बायांना फक्त हलकी डंबेल्स देऊन थांबतं, ते माझ्या मते बाजूला ठेवावं. पुरुषी देह होईल ही भीती निराधार आहे. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन फारच कमी असतं. उलट पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा हा भार त्यांना आधार देतो.

सुरुवातीला पाच किलो तांदळाची पिशवी पुरते. पाठ सरळ, वाकायचं ते खुब्यातून, पिशवी अंगालगत. पाठदुखी किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.