पंचवीस मिनिटांचं सोनं

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावणेसहाला पोचलो. भाद्रपद संपत आला होता, पावसाने दोन दिवस उसंत घेतली होती आणि धुऊन निघालेल्या हवेतून खाली बेलपाड्याकडची भातखाचरं एकेक मोजता येत होती. कडा मात्र सपाट, काळसर, फोटो काढावा असं त्यात काही नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी उन्हाचा रंग बदलला. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून विळ्याच्या पात्यासारखा आत वळलेला आहे. मावळतीचं तिरकं ऊन त्या बाकात शिरलं आणि बेसॉल्टचा थर न् थर, कपारी, कपारीतलं गवत असं सगळं सुटं सुटं दिसायला लागलं. साडेसहाला खेळ आटोपला. मधल्या वेळात मी अकरा फोटो काढले, त्यातले दोन ठेवले.

छायाचित्रणाची पुस्तकं या वेळेला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. तो तास आपल्याकडे तासभर नसतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नाही. सूर्य क्षितिजापासून सुमारे सहा अंश वर असल्यापासून मावळेपर्यंतचा तो काळ. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य इतका तिरका उतरतो की हे सहा अंश उतरायला त्याला जवळजवळ पन्नास मिनिटं लागतात. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, एकोणीस-वीस अक्षांशांवर. इथे सूर्य बराच उभा खाली येतो आणि वर्षभरात केव्हाही तेच अंतर पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटांत कापतो. परदेशी पुस्तक वाचून निवांत ट्रायपॉड मांडणाऱ्याचा निम्मा उजेड ट्रायपॉड मांडण्यातच जातो. म्हणून आपल्या डोंगरांत जागा दुपारीच हेरून ठेवायची, चौकट ठरवून ठेवायची आणि ऊन यायची वाट बघायची.

या उजेडाला सोन्याचा रंग येतो तो हवेमुळे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. सूर्य खाली गेला की त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर पार करावा लागतो, वाटेत निळा गळून जातो आणि पिवळा-तांबडा उरतो. कॅमेऱ्यातला ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ हा पिवळेपणा दोष समजून पुसायला बघतो. त्याला ‘डेलाइट’वर बांधून ठेवावं. मार्च-एप्रिलमध्ये कोकणावर धुरकट पट्टा साचतो आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्यात विरघळून जातो. तेव्हा पंचवीसची दहाच मिनिटं हाती लागतात. पावसाळा सरतानाचे तीन-चार आठवडे मी वर्षभर राखून ठेवतो ते म्हणूनच.

पण रंगापेक्षा अवघड असतो तो उजेड आणि अंधार यांतला फरक. ओला काळा कडा आणि त्यामागचा उन्हाने पेटलेला ढग दोन्ही आपल्याला एकाच वेळी नीट दिसतात, कारण डोळा स्थिर नसतो. तो कड्यावर जातो तेव्हा बाहुली मोठी होते, ढगावर जातो तेव्हा लहान, आणि मेंदू ते तुकडे जोडून अखंड चित्र आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याला एकाच झडपेत सगळं घ्यावं लागतं. छायाचित्रकार हा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दहा स्टॉप म्हणजे हजारपटीहून अधिक. आजचे चांगले सेन्सर तेरा-चौदा स्टॉप सांभाळतात. सह्याद्रीतली संध्याकाळ त्याच्याही पलीकडे सहज जाते.

अशा वेळी काय सोडायचं हे माणसाने ठरवावं लागतं. डिजिटल कॅमेऱ्यात आकाश ‘उडालं’, म्हणजे पांढरंफटक झालं, की त्या जागी माहितीच उरत नाही, नंतर काही केल्या ती परत आणता येत नाही. काळोखात मात्र बरंच काही दडलेलं असतं. फोटो रॉ स्वरूपात घेतला असेल तर ते वर काढता येतं. मी शिकलो निगेटिव्हवर आणि निगेटिव्हचा स्वभाव नेमका उलटा: तिथे सावलीला पुरेसा उजेड दिला नाही तर काचेसारखी कोरी फिल्म हाती येते, तेजस्वी भाग मात्र ती पुष्कळ सोसते. वीस वर्षांची ती सवय मोडायला मला दोन पावसाळे लागले. आता ढगाचा सर्वांत उजळ भाग बघून मोजमाप करतो आणि कडा काळा पडत असेल तर पडू देतो. फोन हल्ली एकामागून एक बऱ्याच चौकटी घेऊन त्या आतल्या आत जोडतो, त्यामुळे त्यात आकाशही दिसतं आणि कडाही. ती सोय आहे, पण सावलीच नसलेला कोकणकडा मला खोटा वाटतो. कड्याची खोली आपल्याला कळते ती सावलीमुळेच.

पांढऱ्या आकाशाचं दुखणं या कलेइतकंच जुनं आहे. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. तिच्या सभासदांत हौशी माणसं बरीच होती; भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण कॅमेऱ्यात रमलेले. त्या काळी फिल्मच्या जागी वापरत त्या कोलोडियनच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. साहजिकच निळं आकाश कोरं पांढरं उमटे. शिवाय काच ओली असेतो फोटो घेऊन ती धुवावी लागे, तेही मुंबईच्या उन्हात, तंबूत अंधार करून. त्या माणसांची चिकाटी आठवली की दोन किलोच्या ट्रायपॉडबद्दल तक्रार करवत नाही.

पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाचा पहिला पराभव धुक्यात होतो. माझाही झाला. राजमाचीच्या वाटेवर धुकं असं काही उतरलं होतं की पुढच्या माणसाची नुसती टोपी दिसत होती. मी अख्खा रोल संपवला. प्रिंट आल्या त्या सगळ्या राखाडी, मळक्या. कॅमेऱ्याचा मीटर दृश्य ओळखत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडं असणार असं धरून तो उजेड ठरवतो. पांढरं धुकं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो दाबतो. काळा ओला कातळ दिसला की वाढवतो. दोन्ही करडे होतात. उपाय एका चाकात आहे: ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’. धुक्यात एक ते दीड स्टॉप वर न्यायचं, कातळाला तितकंच खाली. हे कळलं त्या दिवशी माझ्या फोटोतलं धुकं पांढरं झालं.

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत याच्या उलट अडचण. पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच, आणि उजेड तेवढा तोंडातून येणारा. फ्लॅश मारला की पाण्याची खोली आणि गुहेचा गारवा दोन्ही नाहीसे होतात. कॅमेरा कठड्यावर किंवा ट्रायपॉडवर टेकवून आठ-दहा सेकंद उघडा ठेवावा. डोळ्याला न दिसलेल्या छिन्नीच्या खुणा हळूहळू उमटतात.

कासच्या पठारावर लोक ऊन पडायची वाट बघतात, मी ढगाची बघतो. सीतेची आसवं किंवा गेंद ही फुलं नखाएवढी. कडक उन्हात त्यांच्या पाकळ्यांवर चटका बसल्यासारखे डाग उमटतात. भरून आलेलं आकाश म्हणजे डोक्यावर धरलेला अवाढव्य पांढरा पडदा, त्यात जांभळा रंग जांभळाच राहतो. ऊन निघालंच तर सोबत्याला फिकट छत्री धरायला सांगावी. फुलात आडवं पडून फोटो काढू नये हे सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण दर सप्टेंबरला तुडवलेला तेरडा बघितल्यावर सांगणं भाग आहे.

काजव्यांचंही तसंच. वळीव पडून गेले की मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात, पुरुषवाडीत, राजमाचीला हिरडा-सादड्याची झाडं लुकलुकायला लागतात. झाडावर उजेडाचा गालिचा पसरल्यासारखे जे फोटो आपण बघतो ते बहुतेक वेळा एका क्षणाचे नसतात. वीस-तीस सेकंदांच्या पुष्कळ चौकटी एकमेकींवर रचून ते तयार होतात. त्यात गैर काही नाही, मात्र ते फोटोखाली लिहावं. गैर आहे ते टॉर्चचा झोत झाडावर मारणं. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद, आणि ती आपल्या झोतात बुडून जाते. फोकस दिवस मावळायच्या आत लावून ठेवावा, म्हणजे रात्री दिवा लावायची गरजच पडत नाही.

आता चंद्र. किल्ल्यामागून उगवणारा पूर्ण चंद्र टिपायला गेलेल्या प्रत्येकाच्या फोटोत काळाकुट्ट किल्ला आणि त्यावर पांढरी टिकली येते. चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं आणि इथे रात्र झालेली असते, दोघांचा मेळ बसणार कसा? या बाबतीत अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सची गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्याने घाईघाईने मोटार थांबवली. स्मशानातल्या क्रुसांवरचं शेवटचं ऊन निसटत होतं आणि त्याला उजेड मोजायचा मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल, त्याला पाठ होती. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला जाईतो क्रुसांवरचं ऊन गेलं. त्याला स्वतःला या फोटोचं साल धड आठवत नसे. पुढे खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चंद्राच्या स्थानावरून तारीख काढली: १ नोव्हेंबर १९४१.

आपल्याला इतकं पाठ करायची गरज नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्याच्या आदल्या दिवशी, शुद्ध चतुर्दशीला, तो सूर्यास्ताच्या बराच आधी वर आलेला असतो, त्यामुळे किल्ल्यावर अजून ऊन असतं आणि चंद्रही. दोघं एका चौकटीत, एका उजेडात मावतात. कोजागरीला दूध आटवावं, फोटोसाठी आदली संध्याकाळ गाठावी.

हे सगळं सांगताना मी ज्याच्याकडे येतोय ते इंद्रवज्र. कोकणकड्यावर मी त्यासाठी सहा वेळा गेलो. सूर्य पाठीशी हवा, समोर आणि पायांच्याही खाली धुकं हवं. सूर्य जितका वर असेल तितका आपल्या सावलीचा रोख क्षितिजाच्या खाली जातो, म्हणून सपाट माळावर हे दिसत नाही, कडाच लागतो. सकाळी पूर्वेचं ऊन गडावर चढतं, त्याच वेळी कोकणातून धुकं कड्याला चढत येतं, आणि त्या धुक्यावर आपली सावली पडून तिच्या डोक्याभोवती रंगांची पूर्ण वर्तुळं उमटतात. इंद्रधनुष्याची कमान बेचाळीस अंशांची, ही वर्तुळं त्यापेक्षा पुष्कळ लहान. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश जवळजवळ आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यातून ती तयार होतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या कर्नल साईक्स याने इथल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्यांचं आणि त्यातल्या स्वतःच्या सावलीचं वर्णन दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात केलं, तो १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर १८९४ मध्ये अशीच वर्तुळं बघून सी. टी. आर. विल्सन यांना प्रयोगशाळेत ढग बनवावासा वाटला. त्यातून ‘क्लाउड चेंबर’ हे उपकरण निघालं आणि १९२७ चं नोबेल पारितोषिक.

सहाव्या खेपेला पायथ्याच्या पाचनईच्या ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथले मामा बरोबर आले. साडेआठला कड्यावर पोचलो तर धुकं भिंतीसारखं उभं, ऊन कुठेच नाही. तासभर तसंच. मी कॅमेरा पिशवीत घालायला लागलो तर मामा म्हणाले, “थांबा दादा. ढग खाली बसायला लागलाय.” दोन-तीन मिनिटांत पाठ तापली. समोर सावली आली, तिच्याभोवती आधी नुसती उजळ कडी, मग आत पिवळं, बाहेर तांबडं, त्याबाहेर पुन्हा एक फिकट वर्तुळ. धुकं पांढरं म्हणून एक स्टॉप वर न्यायचा हात सवयीने चाकावर गेला होता. तो मी थांबवला. इथे रंग इतका विरळ असतो की उजेड जरा वाढला तरी तो पांढऱ्यात बुडून जातो. उलट थोडा दाबला, म्हणजे रंग टिकतात. धुकं राखाडी झालं तर होऊ दे. चाळीस सेकंद मिळाली असतील.

माझा मित्र दहा पावलांवर उभा होता. खाली गुहेपाशी चहा पिताना आम्ही कॅमेऱ्यांची अदलाबदल केली. माझ्या फोटोत वर्तुळाच्या मधोमध माझी सावली आणि तो वर्तुळाबाहेर, नुसती काळी आकृती. त्याच्या फोटोत वर्तुळ त्याच्या डोक्याभोवती आणि मी बाहेर. मामांनी दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरून पाहिले आणि विचारलं, “मग माझं कुठंय?” ते आमच्यापासून लांब, कड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांचं त्यांच्यापुरतंच होतं.