वायुसंपीडन चिकित्सा, पायांची

पायातील रोहिण्या अरुंद वा बंद होऊन रक्तपुरवठा अतिशय घटला असता पाऊल व पोटरी यांवर हवेने फुगणारे पट्टे बांधून ठरावीक अंतराने क्षणभर दाब देण्याच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारास वायुसंपीडन चिकित्सा म्हणतात. स्वस्थ बसले वा निजले असतानाही पावलात होणाऱ्या वेदना, न भरणारे व्रण आणि कोथ (ऊतकांचा मृत्यू) ही तीव्र रक्तन्यूनतेची लक्षणे होत. अशा वेळी घोट्याजवळील रक्तदाब बहुधा पाऱ्याच्या ५० मिमी.पेक्षा आणि पायाच्या अंगठ्यातील ३० मिमी.पेक्षा कमी असतो. मधुमेहात रोहिण्यांच्या भित्ती कठीण झाल्याने घोट्याजवळचा दाब फसवा अधिक येतो; म्हणून अंगठ्यातील मापन अधिक विश्वसनीय ठरते. रोहिणीविलेपी विकार, मधुमेह आणि तंबाखूसेवनाशी निगडित असलेला बर्जर रोग ही या अवस्थेची प्रमुख कारणे आहेत.

इतिहास : यूजीन लँडिस व जॉन गिबन या अमेरिकन वैद्यकांनी १९३३ मध्ये पायाभोवती आळीपाळीने चूषण व दाब निर्माण करून रक्तप्रवाहावरील परिणाम अभ्यासला. १९३४ च्या सुमारास सिनसिनॅटी येथे रीड व हेरमान यांनी याच तत्त्वावरील उपकरण वापरले. अवजड बंद पेटीची जागा पुढे चटकन फुगणाऱ्या पट्ट्यांनी घेतली.

कार्यपद्धती : रुग्ण पाय खाली सोडून बसतो. पंपाने पट्ट्यांतील दाब सेकंदाच्या अंशात पाऱ्याच्या सु. १०० ते १२० मिमी.पर्यंत चढतो, २ ते ४ सेकंद टिकतो व लगेच उतरतो, मिनिटाला सु. ३ वेळा असे घडते. दाबामुळे नीलांमधील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. नीला रिकाम्या झाल्याने रोहिणी व नीला यांतील दाबांचा फरक वाढतो आणि रक्त केशवाहिन्यांत अधिक वेगाने शिरते. पाय खाली सोडल्यावर रोहिणिका आकुंचित करणारी प्रतिक्षेपी क्रियाही नीला रिकाम्या असेपर्यंत थांबते. शिवाय वेगवान प्रवाहाच्या घर्षणाने वाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवून वाहिन्या विस्फारतात. हा उपचार दररोज काही तास, कित्येक महिने घ्यावा लागतो; तो घरीही करता येतो.

उपयुक्तता व मर्यादा : मेयो क्लिनिकमधील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तप्रवाह पुनःस्थापित करणे अशक्य असलेल्या ४८ रुग्णांची पाहणी होती. उपचार घेतलेल्या २४ पैकी १४ जणांचे व्रण भरून पाय वाचले. केवळ व्रणोपचार केलेल्या २४ मध्ये ही संख्या ४ होती. मात्र रुग्णांची विभागणी यादृच्छिक नसल्याने हा पुरावा निर्णायक नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शस्त्रक्रिया वा फुग्याने रोहिणी रुंदावणे शक्य नसलेल्या निवडक रुग्णांपुरताच त्याचा विचार सुचविला आहे. खोल नीलांतील ताजी गुठळी, अनियंत्रित हृद्‌निष्फलता व पसरणारा जंतुसंसर्ग असता तो वर्ज्य होय. सतत घट्ट राहणारे लवचिक मोजे व पट्टे यांहून हा उपचार सर्वस्वी भिन्न आहे. नीलांच्या विकारात हितकर असणारे तेच मोजे रोहिणी बंद असलेल्या पायावर चढविल्यास उरलासुरला प्रवाह थांबून कोथ होऊ शकतो. म्हणून पावलावरील नाडी तपासल्याविना सुजेवर पट्टा बांधू नये.

यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात या विचारास विशेष महत्त्व आहे. पऱ्हाटीच्या धसकटाने अनवाणी पावलास झालेली लहान जखम निरोगी माणसात आपोआप भरते. रक्तन्यूनतेत तीच कोथाची सुरुवात ठरते. विडी, तसेच सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात रूढ आहे. बर्जर रोगात तंबाखू कोणत्याही रूपात चालू राहिल्यास कोणताही उपचार टिकत नाही. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; नागपूर सु. १५० किमी. दूर आहे. चालताना पोटरीत गोळे येणे, रात्री पाय खाटेखाली सोडल्यावरच वेदना शमणे, पाऊल थंड पडणे ही लक्षणे दिसताच तपासणी झाल्यास रोहिणी मोकळी करण्याची संधी मिळते. ती हुकलेल्या रुग्णासाठी वायुसंपीडन हा अंगच्छेदनापूर्वीचा एक पर्याय आहे. रोहिणीवरील उपचारास तो पर्याय नव्हे.