'शेण खाल्ले' म्हणजे नेमके काय?

चाळीतील एका तरुणीविषयी मोठी माणसे कुजबुजू लागतात. तिने 'शेण खाल्ले', एवढेच मुलांच्या कानावर पडते. म्हणजे नेमके काय केले, हे सांगायला मात्र कोणी तयार नसते. ४ जानेवारी २०१३ रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव दिग्दर्शित 'बालक-पालक'मधील सारी गंमत आणि सारी अडचण या एका वाक्प्रचारात आहे.

अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या 'बीपी' या एकांकिकेवर हा चित्रपट बेतलेला आहे. 'बीपी' हा अश्लील चित्रफितींसाठी पोरांनी योजलेला सांकेतिक शब्द. पडद्यावर येताना त्याच दोन अक्षरांना 'बालक-पालक' असे सोज्वळ रूप मिळाले. काळ व्हिडिओ कॅसेटचा, १९८०च्या दशकातला. अव्या, भाग्या, चिऊ आणि डॉली उत्तर शोधत विशूपर्यंत पोहोचतात. प्रथमेश परब याने गाजवलेला हा विशू आधी पिवळे पुस्तक आणि मग कॅसेट पुढे करतो. उत्तर मिळते, पण एकमेकांकडे पाहण्याची नजर बदलते आणि मैत्रीत तेढ येते. अखेर किशोर कदम यांनी रंगवलेले कदमकाका मुलांशी सरळ बोलतात. हा भाग काहीसा उपदेशाकडे झुकतो, हे खरे. तरीही संपूर्ण चाळीत मुलांचे ऐकून घेणारे तेवढे एकच वडीलधारे माणूस आहे.

ब्रिटनमध्ये १९६८ सालीच 'प्रुडन्स अँड द पिल' या विनोदी चित्रपटाने गर्भनिरोधक गोळ्यांच्या अदलाबदलीवर प्रेक्षकांना हसवले होते. तेथे घरात गोळ्या लपवल्या जात होत्या, येथे शब्दच लपवला गेला. 'बालक-पालक' येण्यापूर्वी सहा वर्षे, २००७ मध्ये, महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिक शिक्षणाला विधिमंडळात विरोध झाला आणि त्यावर बंदी आली.

या मौनाचा संबंध केवळ मुंबईच्या चाळींशी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. जालना जिल्ह्यातील प्रमाण याहून बरेच अधिक आहे. गरिबी हे त्यामागील मोठे कारण; दुसरे ऊसतोडणीसाठीचे स्थलांतर. आई-बाप कारखान्याच्या फडावर जातात, तेव्हा वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो. तिच्या सुरक्षिततेच्या काळजीला आणखी एक धास्ती चिकटलेली असते : पोरीने 'शेण खाल्ले' तर? ती तिच्यासमोर बोलून दाखवली जात नाही. बघायला पाहुणे आल्यावरच अनेकदा तिला ती कळते.