सुरयाचे आठवे पीस

भिगवणच्या पाणथळीवर चार हिवाळ्यांत काढलेले माझे नदी सुरयांचे फोटो दिसायला वाईट नव्हते. त्यांतले दोन तर नातेवाइकांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावले. पण मला हवे ते त्यांत नव्हते. पंखाच्या टोकाकडची दहा मुख्य पिसे साधारणतः आतून बाहेर, क्रमाने गळतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. कोणत्या महिन्यात कितवे पीस बदलते, हे पक्ष्याला हात न लावता नोंदवायचे तर ती पिसे फोटोत मोजता आली पाहिजेत. माझ्या फोटोंत तिथे नुसता करडा धूर होता. चार वर्षे नोंदवही कोरी राहिली.

चूक माझीच. उडत्या पक्ष्याला शटर १/५०० पुरते, असे कुठेतरी वाचले होते आणि तेच धरून बसलो. साधे त्रैराशिक मांडायला इतकी वर्षे लागली! समजा, पंखाचे टोक सेकंदाला ५ मीटर सरकते. १/५०० सेकंदात ते १ सेंटीमीटर जाते. म्हणजे एक पीस शेजारच्या पिसावर सांडणारच. १/२५०० ला तेच अंतर २ मिलिमीटर उरते. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवला की धड स्थिर दिसते, पण पंखाची वरखाली हालचाल त्याने भागत नाही. डोळा आणि चोच लख्ख पाहून मी फसत आलो, ते इथे.

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला. तो सेकंदाला १२ चित्रे घेई, प्रत्येक १/७२० सेकंदाचे. त्याला पंख कोणत्या क्षणी कुठे असतो एवढेच हवे होते आणि त्या प्रश्नाला नुसती आकृती पुरली. माझा प्रश्न पिसांचा होता, तरी माझे शटर त्याच्याहून मंद!

आता मी १/२५०० च्या खाली उतरत नाही. छिद्र एफ ८ ठेवतो, कारण ४०० मिलिमीटरच्या भिंगाने वीस मीटरवर एफ ५.६ ला जेमतेम हात-दोन हात खोलीच स्पष्ट येते; कॅमेऱ्याकडे वळलेला पंख तेवढ्यात मावतोच असे नाही. या दोन्हींची किंमत आयएसओ मोजतो. सकाळी आठच्या उन्हात तो ८०० ते १६०० जातो, फोटोत दाणे येतात. येऊ देत. दाण्यांतून पीस मोजता येते, धुरातून नाही.

खरा घोळ उजेडाच्या मोजणीचा. सुरय पाण्यावरून उठून आकाशात शिरला की मागची पार्श्वभूमी काळपटाची पांढरी होते. स्वयंचलित मापक तेवढ्यात मत बदलतो आणि पक्षी काळवंडतो. खरे तर पक्ष्यावरचे ऊन तसूभरही बदललेले नसते. म्हणून शटर, छिद्र, आयएसओ तिन्ही हाताने बांधून टाकतो. पांढुरक्या पिसांवर एक-दोन चाचण्या घ्यायच्या, ती करपणार नाहीत इतपत उजेड ठेवायचा. मग ढग येईपर्यंत बोट लावायचे नाही. फोकस मात्र सतत पाठलाग करणारा हवा.

गेल्या जानेवारीत नावाड्याने होडी थांबवली तेव्हा एक सुरय डोक्यावरून वळला. घरी येऊन फोटो मोठा केला. एक ते सात पिसे नवी, फिकट. आठवे अर्धेच वाढलेले. नववे आणि दहावे जुने, कडेला झिजलेले. तारीख घातली आणि वहीत पहिली ओळ लिहिली.