एल्कची शिकार नेमकी कधी करायची? एका साध्या प्रश्नातलं संशोधन

पीएचडीच्या मुलाखतीला 'तुमचा प्रश्न काय?' असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. 'हवामानबदल आणि वन्यजीव' हा विषय झाला. प्रश्न तो, ज्याचं उत्तर चुकू शकतं. हा फरक नुसता सांगून डोक्यात बसत नाही, म्हणून आज एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ या. उदाहरण आपल्यापासून फार लांबचं आहे, पण त्याचा फायदाच होईल, कारण त्याबद्दल आपली आधीपासूनची मतं नाहीत.

अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या राज्यांत, म्हणजे कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो इथे, हजारो शिकाऱ्यांना दर वर्षी पडणारा प्रश्न असा: यंदा एल्कचा माज कधी येणार आणि मी सुट्टी कोणत्या आठवड्यात टाकू?

प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्यावर बरंच काही अवलंबून असतं. काही भागांतला परवाना सोडतीने मिळतो आणि चांगल्या भागासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. एवढी वाट बघून हातात जेमतेम आठवडाभराची सुट्टी. दुसरीकडे राज्याच्या वन्यजीव खात्यालाही हाच प्रश्न पडलेला असतो, फक्त उलट बाजूने: हंगाम कधी उघडला म्हणजे पुरेसे प्रौढ नर वाचतील आणि पाडसं वेळेवर जन्मतील?

आधी प्राण्याची ओळख

एल्क हे मोठ्या हरणांपैकी एक. रॉकी पर्वतातला प्रौढ नर साधारण ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. युरोपात 'एल्क' म्हणतात तो प्राणी वेगळा, त्याला अमेरिकेत मूस म्हणतात. वाचताना हा गोंधळ टाळा. काश्मीरच्या दाचीगामचा हंगूल हा एल्कचा जवळचा नातेवाईक, आणि तोही शरद ऋतूतच माजावर येतो.

शिकारीचं नाव काढल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतात, ते साहजिक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे. अमेरिकेत ती परवान्याने, ठरलेल्या तारखांत आणि ठरलेल्या संख्येत चालते. १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव व्यवस्थापनाला जातो. व्यवस्था पटो न पटो, पण तिच्यामुळे एल्कबद्दल भरपूर माहिती गोळा झाली आहे, आणि आपल्याला ती हवी आहे.

माजाचं वेळापत्रक

ऑगस्टमध्ये नरांच्या शिंगांवरची मखमल गळते. ते झाडांवर शिंगं घासतात, चिखलात लोळतात. उन्हाळाभर एकत्र चरणारे नर एकमेकांपासून फुटतात. सप्टेंबर लागला की हाका सुरू होतात. खालून सुरू होऊन शिट्टीसारखी चढत जाणारी ती हाक बिगुलासारखी वाटते, म्हणून तिथे तिला बिगुलच म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यापासून मोठे नर माद्यांचा जथा गोळा करून राखायला लागतात. बहुतेक माद्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाभण राहतात. मादी प्रत्यक्ष माजावर असते ती जेमतेम एक दिवस. त्या वेळी गाभण राहिली नाही तर साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते.

हे झालं सरासरी वेळापत्रक. ते ठरवतं कोण?

घड्याळ कोण चालवतं?

शिकाऱ्यांत तीन उत्तरं ऐकू येतात: थंडी, चंद्र आणि दिवसाची लांबी. तिन्ही ऐकायला पटण्यासारखी आहेत. संशोधकाने विचारायचं असतं ते एवढंच: यातलं प्रत्येक उत्तर खरं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं?

चंद्र घ्या. पौर्णिमेची तारीख दर वर्षी सरकते, दोन वर्षांतला फरक तीन आठवड्यांच्या आसपासही जाऊ शकतो. माज पौर्णिमेला बांधलेला असेल तर आठ-साडेआठ महिन्यांनी होणारे जन्मही तेवढेच मागेपुढे व्हायला हवेत. तसं होत नाही. पाडसं वर्षानुवर्षं मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच येतात. एवढ्या एका ताळ्याने चंद्राचा दावा बराच सैल होतो.

आता दिवसाची लांबी. रात्र मोठी होत गेली की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं. शरीर त्यावरून ऋतू ओळखतं आणि प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. ही झाली यंत्रणा. पुरावा कुठे आहे? रॉकी पर्वतातच बघत बसलात तर दिवस लहान होणं आणि थंडी वाढणं एकाच वेळी घडतं, दोघांना वेगळं काढता येत नाही. दोन कारणं अशी हातात हात घालून चालत असतील तर त्यांना सोडवणारी परिस्थिती शोधावी लागते.

अशी एक परिस्थिती अनायासे तयार झाली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भेट दिलेले एल्क न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमध्ये सोडले गेले. तिथे ऋतू उलटे. त्यांचे वंशज आज मार्च-एप्रिलमध्ये माजावर येतात, म्हणजे तिथल्या शरदात. महिन्याचं नाव बदललं, ऋतू तोच राहिला. यावरून माज कॅलेंडरला बांधलेला नाही, हे पक्कं झालं. पण न्यूझीलंडच्या शरदातही थंडी पडतेच! म्हणजे फियोर्डलँडने 'सप्टेंबर' बाद केला, 'थंडी' नाही. ती बाद व्हायला दुसरा ताळा लागतो: रॉकीत सप्टेंबरचं तापमान वर्षागणिक खूप बदलतं, जन्माच्या तारखा मात्र त्या मानाने फार थोड्या हलतात. एक पुरावा नेमकं काय बाद करतो आणि काय करत नाही, हे दर वेळी लिहून काढायची सवय लावून घ्या.

'यंदा माज उशिरा आहे'

तरीही दर काही वर्षांनी शिकारी सांगतात की यंदा माज उशिरा आला. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी आठवडाभर डोंगर पालथे घातले, पण हाक कानावर पडली नाही. आता बघा, त्यांनी मोजलं काय? माज नव्हे, दिवसा ऐकू आलेल्या हाका.

सप्टेंबरमध्ये एल्कच्या अंगावर हिवाळ्याची लोकर चढायला लागलेली असते. ऊन तापलं की नर दाट सावलीत पडून राहतो आणि धावपळ रात्रीवर ढकलतो. जंगलात माणसांची वर्दळ वाढली की तो गप्प होतो किंवा दुर्गम भागात सरकतो. वारा जोराचा असेल तर हाक पोहोचतच नाही. या सगळ्यात माज वेळेवर चालू असतो, फक्त आपल्या कानांपर्यंत येत नाही.

घडणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. या लेखातलं एकच वाक्य वहीत उतरवायचं असेल तर हे उतरवा. थंडीमुळे माज सुरू होत नाही, थंडीमुळे तो ऐकू येतो. पण नोंदवहीत दोन्ही सारखंच दिसतं: थंडी पडली, हाका वाढल्या.

मग माजाची तारीख काढायची कशी?

कानांवर विसंबायचं नाही म्हटल्यावर उलटा हिशोब करावा लागतो. गर्भकाळ साधारण २५० दिवसांचा धरा. पाडस १ जूनला जन्मलं तर मादी २४ सप्टेंबरच्या आसपास गाभण राहिली. दुसरी पद्धत म्हणजे हिवाळ्यात मारल्या गेलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भाची लांबी मोजून त्याचं वय काढणं. इथे शिकारीच्या व्यवस्थेतून आलेली माहिती थेट उपयोगी पडते.

पण उलट्या हिशोबात एक गृहीतक दडलंय: गर्भकाळ सगळ्यांचा सारखा. एल्कच्या नात्यातल्या लाल हरणांत असं दिसलंय की उशिरा गाभण राहिलेल्या माद्या थोड्या कमी दिवसांत वितात, जणू राहिलेला वेळ भरून काढतात. एल्कमध्येही तसं होत असेल, तर जन्माच्या तारखांवरून काढलेला माज खऱ्यापेक्षा जास्त एकसारखा दिसेल. आपण वर चंद्राला बाद केलं तेही जन्मतारखांवरूनच! मग तो निष्कर्ष ढासळला का? नाही. गर्भकाळ काही दिवसांनी आखडू शकतो, तीन आठवड्यांनी नाही. पण प्रश्न दोन-चार दिवसांच्या फरकाचा असता, तर हीच पद्धत पुरी पडली नसती. मोजमापातली चूक किती मोठी आहे, यापेक्षा ती तुमच्या प्रश्नाच्या मानाने किती मोठी आहे, हे महत्त्वाचं.

शिकारीमुळे माजच बदलतो

आता खरी मेख. शिकारी आणि खातं दोघेही माजाची तारीख ही बाहेरून ठरलेली गोष्ट धरून चालतात. ती पूर्णपणे तशी नाही.

ईशान्य ओरेगनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात, कुंपणाने बंदिस्त केलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर जंगलात, संशोधकांनी एकाच पिढीच्या नरांना मुख्य प्रजनन करू दिलं आणि ते वर्षभराच्या वयापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर हंगामात माद्या कधी गाभण राहतात ते पाहिलं. नर प्रौढ होत गेले तशी गाभण राहण्याची सरासरी तारीख जवळपास दोन आठवड्यांनी अलीकडे आली, आणि माजाचा काळही आटोपशीर झाला.

इथे तुमच्या मनात शंका यायला हवी. नर एक वर्षाने मोठे झाले तसं कॅलेंडरही एक वर्षाने पुढे गेलं. मग बदल वयाचा की त्या वर्षांचा? म्हणूनच तो प्रयोग पुढे नव्या पिढीच्या नरांवर पुन्हा केला गेला, आणि त्या वेळी माद्यांची शरीरस्थितीही नोंदवली गेली. व्हायवाला नेमका असाच प्रश्न येतो.

आवाजाचंही तसंच. केरन मॅककोंब यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूझीलंडमधल्या लाल हरणांच्या माद्यांना नरांच्या डरकाळ्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर त्या माद्या लवकर माजावर आल्या. म्हणजे हाक ही नुसती खूण नाही, ती कारणही असू शकते.

आता दुवे जोडा. माजात नर हाका घालतो, म्हणून सापडतो. मोठे नर जास्त मारले गेले तर प्रजननाचा भार कोवळ्या नरांवर येतो. मग माद्या उशिरा आणि विखुरलेल्या तारखांना गाभण राहतात, पाडसं उशिरा जन्मतात, आणि बर्फ पडायच्या आत त्यांना वाढायला कमी दिवस मिळतात. तुम्ही ज्या तारखेचा अंदाज बांधून शिकार केलीत, ती शिकारच पुढच्या वर्षांची तारीख सरकवते.

म्हणून हंगामांच्या तारखा बघण्यासारख्या असतात. कोलोरॅडोत सप्टेंबर हा मुख्यतः तिरंदाजांचा. जवळ जावं लागतं, यश कमी मिळतं. लांबून मारणाऱ्या रायफलींचे मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून. मोंटानात सर्वसाधारण रायफल हंगाम ऑक्टोबरअखेर उघडतो. म्हणजे बहुतेक माद्या गाभण राहून गेल्यावर.

तर मग सुट्टी कधी टाकायची?

उत्तर 'कशासाठी' यावर ठरतं. नुसत्या हाका ऐकायच्या असतील तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पहाटे, गारठ्यात. हाक देऊन नराला जवळ बोलवायचं असेल तर त्याआधीचे दिवस बरे, कारण तेव्हा नर मादीच्या शोधात एकटे फिरत असतात. ऐन भरात मोठ्या नराकडे माद्या असतात. तुमची हाक ऐकून तो बरेचदा पुढे येण्याऐवजी आपला जथा घेऊन दूर निघून जातो. सगळ्यात जास्त आवाज आणि सगळ्यात जास्त यश एकाच आठवड्यात येत नाहीत.

आता आपल्या सिनॉप्सिसकडे वळा आणि चार प्रश्न विचारा:

१. मला जे जाणून घ्यायचंय ते मी मोजतोय, की त्याची फक्त 'हाक' मोजतोय?
२. माझं उत्तर खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं, आणि ते दिसतंय का?
३. माझ्या दोन कारणांना वेगळं करणारं एखादं 'फियोर्डलँड' आहे का? असल्यास ते नेमकं काय बाद करतं?
४. माझ्या मोजण्यामुळे किंवा हस्तक्षेपामुळे मोजायची गोष्टच बदलतेय का?

गाईडला भेटण्याआधी या चारही प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी दोन ओळींत लिहून बघा. ज्याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही, तिथेच तुमचं पुढच्या सहा महिन्यांचं काम आहे.