वाचलेल्यांची तिथी

आमच्या घरात गेलेल्यांच्या तिथ्या सगळ्यांना पाठ आहेत. वाचलेल्यांचा दिवस मात्र कुणालाच सांगता येत नाही. श्राद्धाचं पान वाढताना गेलेल्या माणसाची आठवण आपसूक निघते. जो वाचला, तो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो आणि त्याची गोष्ट राहून जाते.

आम्ही मूळचे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. 'रामदास' बोटीची हकीकत मी लहानपणी नको तितक्या वेळा ऐकली. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आमचं त्यात कुणी नव्हतं, तरी गटारी आली की विषय निघायचाच. त्याच्या दोनच वर्षं आधी समुद्र खुद्द आमच्या दारात आला होता. त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्यालगत, पस्नीजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला. सकाळी आठ वाजून गेल्यावर त्याच्या लाटा मुंबईत पोचल्या. उंची साधारण साडेसहा फूट. होड्या नांगरावरून सुटल्या. वर्सोवा, जुहू, हाजीअली अशा किनाऱ्यांवरून मिळून पंधरा माणसं वाहून गेली. हवामान खात्यातल्या पेंडसे यांनी १९४८ मध्ये त्याची शास्त्रीय टिपणी लिहिली. तरीही २००४ च्या डिसेंबरात तामिळनाडूतल्या त्सुनामीचं चित्र टीव्हीवर पाहताना शहाणीसुरती माणसं छातीठोकपणे सांगत होती, आपल्या अरबी समुद्रात असलं काही होत नाही म्हणून!

पुढे आजोबांनी होडीतला वाटा विकला आणि अकलोलीत गरम पाण्याच्या कुंडांजवळ चहाचं दुकान टाकलं. कारण विचारलं की म्हणायचे, गुडघे. गरम पाण्याने गुडघ्यांना आराम पडतो, शिवाय वज्रेश्वरी जवळ. कारण पटण्यासारखंच होतं. रामेश्वराच्या देवळाशेजारी दगडी पायऱ्यांवर पहाटे वाफ धरलेली असते, गंधकाचा वास कपड्यांत मुरतो, आणि नवखा माणूस पाय घालून लगेच ओढून घेतो. आजोबा मात्र गळ्यापर्यंत बसायचे. शेजारून तानसा वाहते, तिच्यात ते कधी उतरले नाहीत. जन्म खाडीत गेलेला माणूस! समुद्राची भीती हेच गाव सोडण्याचं खरं कारण, असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या गुडघ्यांवरही माझा विश्वास नाही.

तोंड उघडलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीने, माझ्या आत्याआजीने. २००४ च्या त्या बातम्या चालू असताना ती म्हणाली, "आमच्याकडं पन आयलं हुतं." १९४५ मध्ये ती दहा-अकरा वर्षांची होती. दोरांवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्यावर नजर ठेवायला तिला बसवलं होतं. पाणी खाली गेलं, होड्या चिखलात कलंडल्या, मग पाणी आलं ते थेट झापांपर्यंत. भावाने तिला दंडाला धरून वर ओढलं. पाणी ओसरल्यावर आईने वाळूतून बोंबील वेचायला लावले. ते गोड्या पाण्यात धुऊन पुन्हा दोरांवर चढवले. हे ती सगळ्यात तपशिलाने सांगायची, कारण बोंबील कमी भरले म्हणून मार तिनेच खाल्ला होता.

तिच्या सांगण्यात वारा मात्र फार होता. कौलं उडाली, माड पडले. भूकंपाच्या लाटेबरोबर वारा कशाला येईल? बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं होतं. महिना तोच, घरही तेच. दिवस न पाळलेल्या दोन आठवणी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. युनेस्कोने २०१५ मध्ये मकरानच्या लाटेतून वाचलेल्यांच्या मुलाखतींची पुस्तिका काढली. तशी विचारपूस आमच्या घरात पन्नास वर्षं आधी व्हायला हवी होती. आजोबा तेव्हा होते.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. टाळेबंदीमुळे आत्याआजी मार्चपासून आमच्याकडे अकलोलीतच अडकली होती. वर्सोव्याहून पुतण्याचा फोन आला. मुंबई बचावली, होड्या आधीच वर ओढून बांधल्या होत्या, असं तो सांगत होता. तिने फोन मागून घेतला आणि एवढंच विचारलं, "पानी मागं तं नाय ना गेला?" त्याला प्रश्न कळला नाही. तो वाऱ्याबद्दलच बोलत राहिला.

वादळ किनाऱ्याकडे येताना पाणी आत लोटतं. आधी पाणी हटणं ही भूकंपाच्या लाटेची खूण. म्हणजे उडालेली कौलं १९४८ ची आणि चिखलात कलंडलेल्या होड्या १९४५ च्या, इतपत वाटणी आता करता येते. दंडाला धरून ओढणारा भाऊ कोणत्या वर्षीचा, हे तिला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही वेळा तोच होता.