जुन्या संगणकाकडे नेटवर्कची राखण

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक एकाएकी निवृत्तीला आले, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. बारामतीची औद्योगिक वसाहत, तेथील महाविद्यालये आणि पतसंस्था, तसेच बारामती व इंदापूर तालुक्यांतील माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर येथील सहकारी साखर कारखाने यांमुळे या भागातील कार्यालयीन कामकाज केव्हाच संगणकावर आले आहे आणि त्याबरोबर जुन्या यंत्रांचा प्रश्नही आला आहे. असे यंत्र बहुधा अडगळीच्या खोलीत जाते किंवा भंगारवाल्याच्या हाती पडते. तथापि एका कामाला त्याची ताकद आजही पुरून उरते: कार्यालयाचे अंतर्गत नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मधोमध बसून कोणी कोणाशी बोलावे हे ठरवण्याचे काम, म्हणजेच राउटर आणि फायरवॉल यांचे काम, लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून अशा यंत्राकडून करून घेता येते.

राउटर आणि फायरवॉल

इंटरनेटवरून जाणारी माहिती, मग ती वजनपावतीची नोंद असो वा चित्रफीत, साधारण दीड हजार बाइटपर्यंतच्या तुकड्यांत विभागून पाठवली जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. पत्ता वाचून पॅकेट योग्य दिशेला लावणारे यंत्र म्हणजे राउटर, आणि ते पुढे जाऊ द्यावे की अडवावे हे आधी लिहून ठेवलेल्या नियमांवरून ठरवणारी व्यवस्था म्हणजे फायरवॉल. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच असल्याने १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले आणि १९९६ मध्ये तो संकेत पक्का झाला. त्यामुळे कार्यालयातील पन्नास संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर बोलू शकतात. पत्त्यांच्या या अदलाबदलीला नॅट म्हणतात आणि ती करण्यासाठी आतल्या कोणत्या संगणकाने बाहेर कोणाशी संवाद सुरू केला, याची चालू नोंद राउटरला आपल्या मेमरीत ठेवावी लागते. बाहेरून आलेले पॅकेट अशा एखाद्या चालू संवादाचे उत्तर आहे की आगंतुक आहे, हे याच नोंदीवरून कळते.

हे काम ऐकायला गुंतागुंतीचे वाटले तरी हिशेबाने लहान आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी ओसंडून वाहिली, तरी एका दिशेला सेकंदाला सुमारे ८,००० पॅकेटेच होतात, आणि लाखभर चालू संवादांच्या नोंदी शंभर मेगाबाइट मेमरीच्या आत मावतात. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट' या उपक्रमाने राउटरची संपूर्ण प्रणाली १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर बसवून दाखवली होती. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्याच्या, २.४ या आवृत्तीत नेटफिल्टर ही चाळणीची यंत्रणा आली आणि चालू संवादांची नोंद ठेवणारी फायरवॉल कोणालाही फुकट मिळू लागली. पुढे लिंक्सिस कंपनीचा एक लोकप्रिय घरगुती राउटर लिनक्सवरच चालतो हे उघड झाले, परवान्याच्या अटींमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याचा स्रोत प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. दुकानात मिळणाऱ्या अनेक छोट्या राउटरांच्या पोटात लिनक्सच असते. जुन्या संगणकावर तेच काम उघडपणे आणि मालकाच्या अखत्यारीत चालते, इतकाच फरक.

यंत्राची निवड

जुने यंत्र फुकट मिळाले तरी फुकट चालत नाही. सुमारे ६० वॅट वीज खाणारा जुना डेस्कटॉप दिवसरात्र सुरू राहिला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट जळतात आणि युनिटला १० रुपये धरले तर तो खर्च ५,२०० रुपयांच्या वर जातो. त्याउलट १० वॅटच्या थिन क्लायंटला, म्हणजे बँका व कंपन्यांमधून बाद होऊन जुन्या बाजारात येणाऱ्या पंखाविरहित छोट्या संगणकाला, वर्षाला ८८ युनिटच लागतात. तेव्हा धूळ खात पडलेला मोठा डबा वापरण्यापेक्षा थोडे पैसे मोजून थिन क्लायंट घेणे दोन वर्षांत स्वस्त पडू शकते. जुना लॅपटॉप हा तिसरा पर्याय असून त्याची बॅटरी तग धरणारी असेल तर वीज गेल्यावरही राउटर चालू राहतो. ग्रामीण फीडरवरील कार्यालयाला हा गुण मोलाचा आहे, मात्र सतत चार्जिंगवर राहून बॅटरी फुगत नाही ना, हे अधूनमधून पाहावे लागते.

राउटरला दोन नेटवर्क-जोडण्या हव्यात, एक बाहेरची आणि एक आतली. जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरे कार्ड बसवता येते, परंतु रिअलटेक ८१३९ सारखी जुनी कार्डे १०० मेगाबिटांपुढे जात नाहीत, म्हणून फायबरची वेगवान जोडणी असल्यास गिगाबिट कार्ड घ्यावे. मेमरी एक गिगाबाइट असली तरी बहुतेक ठिकाणी भागते; जुन्या हार्डडिस्कऐवजी लहान एसएसडी बसवली तर फिरणारा आणि झिजणारा एक भाग कमी होतो.

यंत्र उघडल्यावर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ हा सेल आधी बदलावा. तो संपलेला असला की वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे पारखणे, सुरक्षा-दुरुस्त्या उतरवून घेणे आणि नोंदींवर वेळ घालणे ही तिन्ही कामे बिघडतात. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीमध्ये, दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात: वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे आणि कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून अडून बसू नये. या दोन नोंदी राहिल्या तर रात्री वीज जाऊन आल्यावर सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत सगळे कार्यालय खोळंबते.

प्रणालीच्या बाबतीत तीन वाटा रूढ आहेत. ओपनडब्ल्यूआरटी ही अतिशय आटोपशीर असून जुन्या ३२-बिट संगणकांसाठीही उपलब्ध आहे. आयपीफायर ही खास फायरवॉलसाठी बांधलेली प्रणाली असून ती अंतर्गत नेटवर्कला हिरवा, इंटरनेटला लाल, वायफायला निळा आणि बाहेरून दिसणाऱ्या सर्व्हरांना नारिंगी असे रंग देते, त्यामुळे नवख्याला मांडणी चटकन उमगते. डेबियनसारखी सर्वसाधारण लिनक्स घेऊन तिच्यावर नेटफिल्टरची नवी नियमभाषा असलेले एनएफटेबल्स वापरणे ही तिसरी वाट; ती सर्वांत मोकळी, पण जाणकार मागणारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने मात्र ३२-बिट पीसीवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय काढून टाकली आहे.

काट्यावरच्या संगणकाचे उदाहरण

नियम कसे लिहिले जातात हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर स्पष्ट दिसते. उसाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर उभी राहिली की वजनाचा आकडा तारेने शेजारच्या संगणकात येतो आणि तेथून वजनपावती निघून नोंद मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये जाते. काट्याचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर बांधलेले असेल तर ऐन गाळप हंगामात ते बदलण्याची जोखीम कोणी घेत नाही. म्हणजे ज्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत असा संगणक शेतकऱ्याच्या पैशाशी थेट निगडित अशा ठिकाणी चालू राहतो. त्याला बदलता येत नसेल तर वेगळे ठेवता येते.

त्यासाठी पहिली अट अशी की काट्याचा संगणक इतर संगणकांच्या स्विचवर नसावा, कारण एकाच नेटवर्कमधील यंत्रे परस्परांशी थेट बोलतात आणि त्यांचे बोलणे फायरवॉलपर्यंत पोचतच नाही. काट्यासाठी राउटरमध्ये तिसरे कार्ड बसवावे किंवा व्हीलॅनची सोय असलेला स्विच घ्यावा. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर पॅकेटांना वेगवेगळे क्रमांक लावून स्वतंत्र नेटवर्क चालवण्याची पद्धत. त्यानंतरचे नियम मोजके आहेत. चालू संवादाचे उत्तर असलेले पॅकेट जाऊ द्यावे. काट्याच्या संगणकाला फक्त कार्यालयातील डेटाबेस सर्व्हरच्या ठरलेल्या पोर्टशी जोडणी सुरू करता यावी. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या सेवांना दिलेला क्रमांक, आणि मायएसक्यूएल या डेटाबेससाठी तो सामान्यतः ३३०६ असतो. वेळ विचारण्यासाठी त्याला राउटरच्याच १२३ क्रमांकाच्या पोर्टकडे जाता यावे. उरलेले प्रत्येक पॅकेट टाकून द्यावे आणि त्याची नोंद करावी. या चार ओळींनंतर काट्यावरून इंटरनेट पाहता येत नाही, पाहुण्यांच्या वायफायवरून काटा दिसत नाही, आणि हा संगणक मध्यरात्री भलत्याच पत्त्याशी बोलू पाहू लागला तर ते सकाळी नोंदीत सापडते. पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या विषाणूला मात्र ही व्यवस्था रोखू शकत नाही, कारण तो फायरवॉलच्या वाटेने येतच नाही.

हाच विचार कॅमेरे, हजेरीची यंत्रे आणि शेतातील संवेदक यांनाही लागू पडतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतल्यापासून हवामान आणि ओलावा मोजणारी उपकरणे शेतकऱ्याच्या परिचयाची होत आहेत. अशी उपकरणे वर्षानुवर्षे कोणी हात न लावता चालत असल्याने त्यांना कार्यालयाच्या हिशेबांपासून दूर, स्वतंत्र नेटवर्कमध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरते. गावोगावची गट कार्यालये मुख्य कार्यालयाला जोडायची असतील तर वायरगार्ड ही कूटबद्ध जोडणी उपयोगी पडते. ती मार्च २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचा भाग आहे आणि कूटलेखनासाठी प्रोसेसरमध्ये खास सोय नसलेल्या जुन्या यंत्रावरही बऱ्या वेगाने चालते.

जोडणी करताना आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. फायबर कंपनीने बसवलेले उपकरण स्वतःही नॅट करत असते, म्हणून त्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नॅट न करता पॅकेटे तशीच पुढे सोडण्याच्या अवस्थेत, टाकून पत्ता थेट लिनक्स यंत्राकडे घेणे श्रेयस्कर असते. तसेच आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि नॅटमुळे अनायासे मिळणारा आडोसा राहत नाही, त्यामुळे नियम दोन्ही आवृत्त्यांसाठी लिहिले नाहीत तर एक वाट बंद आणि दुसरी सताड उघडी अशी स्थिती होते.

वेगाची वाटणी

एका संगणकावर मोठी फाइल चढवणे सुरू झाले की बाकीच्यांचे फोन आणि व्हिडिओ-बैठका अडखळतात, याचे कारण वेगाची टंचाई हेच असते असे नाही. बऱ्याचदा राउटरमध्ये पॅकेटांची लांबलचक रांग साचते आणि लहान, तातडीचे पॅकेट तिच्या शेपटाला अडकते. नीरा डाव्या कालव्यावर वरच्या चाऱ्यांनी मनसोक्त पाणी घेतले की इंदापूरकडील टेलच्या शेतकऱ्याची पाळी लांबते, तसाच हा प्रकार आहे. लिनक्समध्ये २०१२ पासून असलेली एफक्यू-कोडेल आणि २०१८ मध्ये आलेली केक ही तंत्रे प्रत्येक संवादाची स्वतंत्र रांग धरून सर्वांना आळीपाळीने वाट देतात आणि फार वेळ ताटकळणारी पॅकेटे टाकून देऊन पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावतात. यासाठी राउटरला प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी मर्यादा सांगावी लागते, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न साचता आपल्या ताब्यात राहते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर या कामाने दमतो. दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला ते सहज झेपते.

देखभाल आणि जबाबदारी

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, संस्था आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि घड्याळे अधिकृत वेळ-सर्व्हरांशी जुळवून ठेवायची आहेत. घरगुती राउटरमध्ये वीज गेली की नोंदी पुसल्या जातात, उलट डिस्क असलेल्या जुन्या संगणकावर त्या महिनोन् महिने राहू शकतात. या एका मुद्द्यावर जुने यंत्र नव्या स्वस्त डब्याहून सरस ठरते.

तरीही यंत्र बसवून विसरून जाण्याची सोय येथे नाही. सुरक्षा-दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, नियम बदलताना चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून काही मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील अशी तजवीज आधी करावी लागते, आणि तसलेच दुसरे यंत्र नियमांच्या प्रतीसह कपाटात तयार ठेवावे लागते. कारखान्यासाठी ही मांडणी आणि तिची चाचणी गाळप हंगाम सुरू होण्याआधी उरकणे इष्ट, कारण हंगामात काटा अर्धा तास बंद राहिला तरी वाहनांची रांग रस्त्यावर येते. यंत्र अखेरीस निकामी झालेच तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर व्यवस्थेकडे जायला हवे.

प्रत्येक नियम कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला हे संस्थेने मराठीत एका कागदावर लिहून ठेवले, तर तो कागद यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. जुने यंत्र कधीतरी बंद पडणारच; नियम लिहिलेले असतील तर दुसरे जुने यंत्र त्याची जागा थोडक्या वेळात घेते, आणि लिहिलेले नसतील तर कितीही महागडी नवी फायरवॉल आणली तरी ती खोक्यातून निघाली तशीच, संस्थेत कोणीही न ठरवलेल्या नियमांवर चालत राहते.